इंगळे सिस्टरची ट्रॉली

आमच्या कामात मागितल्यावर दिलं तर उशीर झाला असं धरतात. सर्जनची मान खाली, नजर पोटातल्या जखमेवर. तो फक्त हात बाजूला करतो, तळवा उघडा. त्या तळव्यावर हवं तेच हत्यार, हवं त्या बाजूनं आणि जरा ठसक्यात टेकवायचं, म्हणजे मान न उचलता त्याला कळतं की आलं. हे काम करणारीला स्क्रब नर्स म्हणतात. मी ते एकतीस वर्षं केलं. शेजारच्या बाया विचारत, सिस्टर, तुमी ऑपरेशन करता काय? मी म्हणायची, नाही बाप्पा, मी फक्त करू देते.

यातली सतरा वर्षं अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात गेली आणि चौदा अकोल्याच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात. अमरावतीचे आमचे सर्जन डावखुरे होते. माणूस देवासारखा, पण हात उलटा, त्यामुळे मांडणीही उलटी. जगभर ट्रॉलीवर पकडायची हत्यारं उजवीकडे आणि कापायची डावीकडे मांडतात. क्लॅम्प म्हणजे फुटलेली रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा. तो इकडे, कात्री तिकडे. माझ्या ट्रॉलीवर सगळं याच्या उलट. सतरा वर्षांत ते हातात इतकं मुरलं की अकोल्याला आल्यावर उजव्या हाताचे सर्जन मिळाले तरी मी माझी मांडणी सोडली नाही. सर्जनला काय, त्याला तळव्यावर हत्यार मिळाल्याशी मतलब. नव्या पोरींना शिकवताना मी नियमाची मांडणी शिकवायची, पण माझी ट्रॉली माझीच. तिला कोणी बोट लावलेलं मला खपत नसे. थिएटरमध्ये तिला सगळे ‘इंगळे सिस्टरची ट्रॉली’ म्हणत आणि चार हात लांबून जात. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

रुखसार आमच्याकडे आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. राहायला मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. वडलांचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजण्यात त्यांच्या तीन पिढ्या गेलेल्या, आणि त्या घरातली पोट्टी ऑपरेशन थिएटरात उभी राहते याचं त्या माणसाला इतकं कौतुक, की तिला थिएटरची ड्यूटी लागली त्या आठवड्यात त्यांनी माझ्या खुर्चीसाठी एक गादी शिवून पाठवली. लाल खारव्याच्या जाड कापडाची, आत अस्सल देशी कापूस. कंबर धरलेल्या बाईला याहून मोठी भेट नाही. ड्यूटी रूममधल्या माझ्या लोखंडी खुर्चीवर ती कायमची बसली.

पोरगी हुशार होती. कमी बोलायची, डोळे उघडे ठेवायची. एका शिवीत तिचे डोळे भरत आणि त्याच मिनिटाला कोरडेही होत. तीन महिन्यांत तिनं काम असं उचललं की मी मनात म्हटलं, ही माझ्या जागेवर बसणार. तिला मात्र तसं कधी सांगितलं नाही. कौतुकानं पोरी बिघडतात, असं आमचं तेव्हाचं शास्त्र.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं शेतं पोखरली होती आणि पिकाचं काही खरं नसलं की घरातली बाई आपलं दुखणं सगळ्यांच्या मागे ढकलते. चौथ्या महिन्यात तपासायला यायची ती नवव्या महिन्यात थेट कळा घेऊन यायची, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, पाय सुजलेले, अंगात रक्त नाही. अशीच एक दर्यापूरकडची बाई एका दुपारी आली. बाळ आडवं होतं. काळे मॅडमनी सिझेरियन घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या स्त्रीरोग विभागाच्या मोठ्या डॉक्टर, हाताच्या पक्क्या आणि तोंडाच्या त्याहून पक्क्या. ट्रॉली माझी. बाळ निघालं, रडलं, सगळं सुरळीत.

तेवढ्यात शेजारच्या थिएटरमधून हाक आली. सोयाबीनच्या मळणीयंत्रात कोपरापर्यंत हात गेलेला एक माणूस आणला होता आणि तिथली सिस्टर एकटी पडली होती. मी रुखसारला हात धुवून यायला सांगितलं. ती गाऊन चढवून आली. रक्त टिपायचे कापडी मॉप मी तिला मोजून दिले, सुया मोजून दिल्या, आणि गेले. मोजणी करून देण्यात मी कधी चुकले नाही.

मी गेल्यावर पाच मिनिटांत त्या बाईच्या गर्भपिशवीचा कोपरा फाटला आणि रक्तवाहिनी उघडी पडली. मॅडमनी हात बाजूला केला. हातात काही आलं नाही. मॅडम ओरडल्या, क्लॅम्प! तरी आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः वळून ट्रॉलीवरून क्लॅम्प उचलला. मधे आठ-दहा सेकंद गेले असतील. पुढं रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभाग, नऊ दिवस जीव टांगणीला. बाई वाचली, बाळही वाचलं, पण त्या आठ-दहा सेकंदांची चौकशी लागली.

समितीत तिघं. मेट्रन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरची इन्चार्ज म्हणून मी. रुखसार समोर उभी होती. विचारलं, काय झालं? ती म्हणाली, हात थांबला. याच्यापुढे एक शब्द नाही. मला त्या गप्प बसण्याचा राग आला, कारण मला ती आवडत होती. ड्यूटी रूममध्ये, तिच्या बापानं शिवलेल्या गादीवर बसून, मी तिच्या फाइलमध्ये शेरा लिहिला: ‘आणीबाणीत हात थिजतो. ऑपरेशन थिएटरसाठी योग्य नाही.’ खाली सही केली.

तिला ओपीडीत इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. तिच्या प्रोबेशनचे पाच महिने उरले होते. तो शेरा कायम राहिला तर तिला पक्कं करणार नव्हते, आणि असा कागद घेऊन गेलेल्या नर्सला दुसरं कोणतं थिएटर दारात उभं करत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं, कारण टेबलावर झोपलेल्या बाईपुढे कोणाची नोकरी मोठी नाही असं मी मानत आले. आजही मानते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तो चष्मा आला.

चष्मा आम्हीच म्हणायचो. दिसायला काळं डबडं, डोळ्यांवर पट्ट्यानं बांधायचं, आणि दोन हातांत धरायला दोन मुठी. सोबत पुण्याहून सौरभ नावाचा एक मुलगा आला, फार अदबीनं बोलणारा. त्याने समजावलं की यात एक खोटं ऑपरेशन थिएटर आहे, त्यात उभं राहून सराव करायचा, आणि तुम्ही जे पाहाल ते आम्हाला बाहेर टीव्हीवर दिसेल. मी म्हटलं, बाबू, मी खऱ्यात उभी राहते, मला खोट्याचं काय करायचं? तो म्हणाला, मॅडम, फक्त पाच मिनिटं. थिएटरच्या सगळ्या स्टाफला हे करणं सक्तीचं होतं, म्हणून बांधून घेतलं.

आणि काय सांगू बाप्पा. खोली गेली. सौरभ गेला. माझ्या डोक्यावर थिएटरचा मोठा दिवा, समोर हिरव्या कापडाखाली पोट, शेजारी ट्रॉली, त्यावर हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर दिव्याची चकाकी. मान वळवली की भिंतीवरचं घड्याळ. खाली पाहिलं तर माझे हात, हातमोज्यांतले, पण वीस वर्षांच्या पोरीसारखे सडपातळ. मी चाट पडले. दमले म्हणून सवयीनं ट्रॉलीला टेकायला गेले, ट्रॉली तिथं नव्हतीच, आणि मी थेट सौरभच्या अंगावर. बिचारा माझं सगळं वजन घेऊन भिंतीला लागला. सगळं थिएटर हसलं. मीपण हसले, पण चष्मा सोडला नाही.

कारण मग त्याने मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेलं, सर्जनच्या जागेवर. एकतीस वर्षं मी त्या टेबलापाशी उभी राहिले, पण पोटाच्या आत मी कायम कडेकडेनं, सर्जनच्या कोपराखालून डोकावून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सरळ आत पाहिलं. पिशवी, तिच्या दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या रक्तवाहिन्या, त्यांचं ठोक्याठोक्याला हलणं. मी मूठ दाबली तर पिशवीची भिंत पारदर्शक झाली आणि आत बाळ पाय हलवत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मूर्तिजापूरच्या रेल्वेतल्या एका गँगमनची मी पोर, झेडपीच्या शाळेत बेडकाचं चित्र पाहून नर्स व्हायचं ठरवलेली, आणि माणूस आतून इतका सुंदर असतो हे निवृत्तीच्या उंबऱ्यावर कळलं. ना रक्ताचा वास, ना डेटॉलचा, ना मॅडमची बोलणी, फक्त ते पाहणं.

पुढचे दहा-बारा दिवस मला त्या चष्म्याचं वेड लागलं. त्यात हत्यार हवेत सोडलं तर पडत नाही, आपलं आपण ट्रॉलीवर जागेवर जाऊन बसतं. इतकी सवय झाली की घरी टीव्हीचा रिमोट मी हवेत सोडला. तो फुटला. मिस्टर म्हणाले, आता मले नको सोडू हवेत.

चष्मे एकाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर जायचे, म्हणून प्रत्येक वेळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावे लागत. त्या कामासाठी ओपीडीतून कोणाला तरी पाठवा, असं मेट्रननी सांगितलं, आणि रुखसार आली. तिचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. ती भिंतीशी स्टुलावर बसायची, चष्मा पुसायची, आणि टीव्हीवर आमचं काम बघायची. माझ्याशी बोलायची ते नमस्कारापुरतं.

सुरुवातीचे धडे सोपे होते. जे हत्यार द्यायचं ते ट्रॉलीवर पिवळं उजळायचं, आपण उचलून द्यायचं. शेवटचा धडा तेवढा अवघड. त्यात पिवळे दिवे बंद, आणि सिझेरियनमध्ये अचानक रक्तस्राव. सौरभ म्हणाला, हा इंगळे मॅडमनीच आधी करून दाखवावा, बाकीच्यांना धीर येईल. टीव्हीपुढे सगळा स्टाफ जमला. मी चष्मा चढवला आणि मनात म्हटलं, दाखवतेच.

बाळ निघालं. मग कोपरा फाटला आणि खालून रक्त भरायला लागलं, खऱ्यासारखं लाल, खऱ्यासारखं भराभर. तो खोटा सर्जन म्हणाला, क्लॅम्प. माझा हात डावीकडे गेला. न बघता गेला, कारण थिएटरात हात बघत नाही, हाताला आठवतं. हातात कात्री आली. मी ती टाकली, पुन्हा हात टाकला, पुन्हा कात्री. क्लॅम्प, तो म्हणाला. माझी नजर ट्रॉलीवर गेली आणि ती ट्रॉली मला ओळखू येईना. शंभर चकाकणाऱ्या दांड्या, सगळ्या सारख्या. मॉनिटरची टिकटिक वाढली. क्लॅम्प, तो तिसऱ्यांदा म्हणाला. माझा हात हवेत थांबला. मला कळत होतं की तो थांबला आहे आणि मला तो हलवता येत नव्हता.

तेव्हा त्या थिएटरच्या बाहेरून, अगदी माझ्या कानाशी, हळू आवाज आला.

“सिस्टर, दुसऱ्या बाजूले पाहा. तुमच्या ट्रॉलीच्या उलट हाय.”

आवाज रुखसारचा होता. मी उजवीकडे हात नेला, क्लॅम्प मिळाला, पण तोवर समोर काळोख झाला आणि पांढऱ्या अक्षरांत ओळ उमटली: ‘रुग्ण दगावला आहे. पुन्हा प्रयत्न करायचा का?’

मी चष्मा काढला नाही. त्या काळोखात उभी राहिले. दोन ठिकाणी उभी होते मी. एक इथं, आणि दुसरी त्या दुपारच्या थिएटरात, रुखसारच्या जागी. तिचा हात नियमानं उजवीकडे गेला असणार, कारण मीच तसं शिकवलं होतं. आणि उजवीकडे माझ्या ट्रॉलीवर कात्र्या होत्या, कारण ट्रॉली माझी होती. मॉप मोजून दिले, सुया मोजून दिल्या, पण मांडणी उलटी आहे हे एक वाक्य मी तिला दिलं नाही. एक वाक्य! ते बोलायला तीन सेकंद लागले नसते.

एकतीस वर्षांत मला कोणी माझी चूक दाखवली असती तर ती बोलून दाखवली असती, आणि मी भांडले असते. या डबड्यानं भांडायला जागाच ठेवली नाही. त्याने मला उचलून नेलं आणि त्या पोरीच्या अंगात उभं केलं. याहून मोठं नवल मी जन्मात पाहिलं नाही, आणि याहून मोठी लाजही मला कधी वाटली नाही.

चष्मा काढून मी तिला हात धुवायच्या जागेपाशी बोलावलं. नळ सोडला, उगाच. विचारलं, “त्या दिवशी तुले समजलं होतं?”

“तवा नाही. मॅडमनं डावीकडून क्लॅम्प उचलला ना, तवा समजलं.”

“मंग चौकशीत बोलली काहून नाही?”

ती खाली पाहत स्पिरिटचा बोळा पिळत होती. मग मान वर केली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“कोनाले सांगू, सिस्टर? समोर तुमीच बसल्या होत्या.”

ती रागानं बोलली नाही. नळ वाहत राहिला आणि मी तो बंद करायचंही विसरले.

त्याच दुपारी मी मेट्रनकडे गेले. माझ्या निवृत्तीला सहा महिने होते आणि माझ्या फाइलवर एक डाग नव्हता. मेट्रन शहाणी बाई. म्हणाली, इंगळे, शेरा नुसता मागे घे, तिला पुन्हा संधी देऊ, कारण कशाला लिहिते? मला मोह झाला, नाही म्हणत नाही. केबिनपासून ड्यूटी रूमपर्यंत तो मोह माझ्यासोबत चालत आला. तिथं ती लाल गादी होती. मी तिच्यावर बसले नाही. उभ्यानंच लिहिलं: ‘ट्रॉलीची मांडणी माझ्या सवयीची, नियमाच्या उलट होती. हस्तांतर करताना मी ती सांगितली नाही. रुखसारचा हात नियमाप्रमाणे योग्य जागी गेला होता. चूक माझी. तिच्यावरचा शेरा रद्द करावा.’ आणि सही.

काळे मॅडमनी मला बोलावून झापलं. अर्धा तास. चौदा वर्षांत त्या मला एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाल्या, उद्यापासून तुझी ट्रॉली सरळ मांड. मी मांडली. या वयात हात नव्यानं शिकवायला मला दोन महिने लागले, आणि ते मी चष्मा लावून शिकले.

रुखसारचं नाव यादीत घातलं. शेवटचा धडा तिनं पहिल्याच खेपेत पार केला, पण चष्मा काढला नाही, तोच धडा पुन्हा लावा म्हणाली. किती वेळा केला असेल देव जाणे. सौरभ जेवायला जायचा थांबला. मी टीव्हीवर बघत होते. दर वेळी ती बाई वाचत होती, आणि दर वेळी रुखसार ‘पुन्हा’ म्हणत होती. सहाव्या दिवशी तिला खऱ्या थिएटरात उभं केलं. केस मूर्तिजापूरकडची. मधेच मी तिच्या हाती ट्रॉली दिली, आणि मोजणी झाल्यावर मोठ्यानं म्हटलं, पकडायचं उजवीकडे, कापायचं डावीकडे, सुया मधे. मास्कच्या वर तिचे डोळे हसले. मॅडमचा तळवा उघडला आणि मिटला, न मागता.

जाता जाता सौरभनं विचारलं होतं, मॅडम, आमच्या कार्यक्रमात काही सुधारणा सुचवाल का? मी म्हटलं, एक धडा घाल. ऑपरेशन चालू असताना ट्रॉली हातात येते, ती उलटी मांडलेली असते, आणि देणारी सांगायला विसरलेली असते. त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुण्याची माणसं लिहून खूप घेतात, म्हणून मी ते सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी रुखसारचा फोन आला, सिस्टर, येऊन जा. गेले तर ती नव्या पोरींना शिकवत होती. कायम झाली होती, थिएटरात होती, शिवाय हे. पोरी रांगेत उभ्या होत्या आणि आपसात बोलत होत्या, इंगळे सिस्टरची ट्रॉली लय खतरनाक हाय, दोघी-तिघी तिथंच अडकल्या. सौरभनं तो धडा खरंच घातला होता, आणि धड्याचं नावही तेच ठेवलं होतं. माझ्याकडे पाहून त्यांना काही कळलं नाही. साडीतली एक जाडी बाई, एवढंच. ज्या नावाच्या गर्वात मी आयुष्य काढलं ते आता एका चुकीला लागलं होतं, आणि ती चूक कोणा बाईचा जीव जाऊ नये म्हणून पोरी शिकत होत्या. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

मी म्हटलं, मले पण दे एकदा. रुखसारनं चष्मा बांधून दिला. दिवा लागला, पोट दिसलं, आणि समोर माझी ट्रॉली. अमरावतीची, सतरा वर्षांची, हत्यारं जिथल्या तिथं. कोपरा फाटला. क्लॅम्प, सर्जन म्हणाला. क्लॅम्प कुठं आहे हे माझ्याइतकं त्या जगात कोणाला ठाऊक होतं? पण मी हात हलवला नाही. मुद्दाम थांबले. धडा तयार झाल्यावर सौरभनं फोनवर सांगितलं होतं की शिकणारी अडकली तर पाच सेकंदांनी मदतीचा आवाज येतो, आणि तो त्यानं अकोल्यातच रेकॉर्ड करून घेतला आहे, त्या दिवशीचं पहिलं वाक्य, शब्द एकही न बदलता.

रक्त वर चढत होतं. मग कानाशी, अगदी त्या दिवशीसारखा हळू, आवाज आला, “सिस्टर, दुसऱ्या बाजूले पाहा.”

मी क्लॅम्प उचलून दिला. बाई वाचली.

चष्मा काढला तेव्हा तो आतून ओला झाला होता. रुखसारनं तो माझ्या हातून घेतला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुढच्या पोरीच्या हातात दिला.